तेवीस किलोची सायकल भंगारात जात न्हाई

भंगारवाला येऊन गेला. तूच पाठवलेला. मी चुलीपुढं भाकरी थापून राहिले होते, तर हा बाबा सरळ अंगणात शिरला, आपल्या बापूच्या सायकलीच्या सीटवर हात ठेवला, घंटी एकदा वाजवून बघितली (भंगारातच न्यायची तर घंटी काहून वाजवायची, हे मला अजून कळलं न्हाई) अन् मला म्हणला, विकासभाऊचा फोन होता, ही उचलायची हाय, बाईला विचारायची गरज न्हाई. बाईला विचारायची गरज न्हाई! अन् हे कुठं म्हणला, तर बाईच्या अंगणात, बाईच्या तोंडावर. मी पिठाच्या हातानं उठले अन् म्हणलं, उचल ना, पण आधी मी सीटवर बसते, मग आमा दोघींना मिळून काट्यावर घाल अन् काय भाव देतो ते सांग. त्यानं माझ्याकडं बघितलं, त्याच्या काट्याकडं बघितलं, अन् निघाला. दारचा माणूस रिकामा जाऊ नये म्हणून फुटकं घमेलं देऊन वाटं लावला. तेवढंच मिळंल त्याला आपल्या घरातून.

आता आशीर्वाद. राग आला म्हणून रीत सोडायची न्हाई. चि. विकास यास थोरली बहीण जनकाबाईचा आशीर्वाद अन् जय सेवालाल. निताला अन् दोन्ही लेकरांनाही. तुझी कंबर कशी आहे? सायकलवर वाकून वाकून धरली म्हणला होता, तर तिला एरंडीचं तेल चोळ अन् सरळ बसता येईल अशी सायकल घे. ती कोणती, हे पत्र पुरं वाचल्यावर तुझं तुलाच कळंल. इकडं आमी सगळे बरे. म्हैस व्याली, वगार झाली. तुझे दाजी बरे आहेत, म्हणजे जेवतात बराबर, फक्त काम निघालं की त्यांचा गुडघा दुखतो. फोन सोडून पत्र काहून, असं वाटंल तुला. फोनवर तू मला स्पीकरवर टाकतो, मला कळतं. मागून निता हसते, तेही कळतं. अन् माझं तोंड चालू झालं की तुझी रेंज जाते. एवढं मोठं पुणं अन् रेंज बराबर माझ्याच वेळी जाते! कागदाची रेंज जात न्हाई. चौथी शिकलेल्या बाईनं लिहिलं आहे, तर सोळावी शिकलेल्यानं सगळं वाचायचं, मधलं पान सोडायचं न्हाई.

झगडा काय आहे ते आधी मांडते, न्हाईतर तू म्हणशील बाई कुठून कुठं गेली. रामनवमीला मला अन् भिकाबाईला पोहरादेवीच्या यात्रेला जायचं आहे, सायकलवर. (भिकाबाई म्हणजे माझी चुलत नणंद, शेजारच्या घरातली. तुझ्या लग्नात जिनं बँडवाल्याच्या हातचा भोंगा काढून घेतला होता ती.) तांड्यातले लोक पायी जातात, जीपनं जातात, ट्रॅक्टरमधी कोंबून जातात, त्यांना कोणी काहून असं विचारत न्हाई. दोन बायका सायकलवर निघणार म्हणलं तर नायक भावसिंगपासून सगळ्या तांड्याला तकलीफ. पायी जावं तर माझ्या टाचा ऐकत न्हाईत, जीपमधी बसावं तर पोट ऐकत न्हाई, अन् सायकलवर बसले की मी कोणाचं ऐकत न्हाई, म्हणून सायकल. तू एकटाच फोनवर म्हणला, जा बाई, बिनधास्त जा. माझं काळीज सुपाएवढं झालं. मग लगेच म्हणला, पण त्या लोखंडावर न्हाई. लांबच्या प्रवासाची म्हणून नवी सायकल पाठवली, अन् तिच्या मागून भंगारवाला पाठवला, म्हणजे बाईला माघारी फिरायला जागाच नको. वर काय म्हणला, बापूनं ती सायकल मला दिली होती, तिचं काय करायचं ते मी बघतो. हे तुझं बोलणं माझ्या घशात बोराच्या बीसारखं अडकून राहिलं आहे. तर आता माझं ऐक. मी पोहरादेवीला जाणार, बापूच्या सायकलीवर जाणार, अन् ती फिरून माझ्याच अंगणात येऊन उभी राहणार. तुझी नवी वाईट आहे असं मी हवेत म्हणत न्हाई. दोन्ही पारखल्या, मग म्हणते.

खोक्यातून निघाली तेव्हा तिचे तुकडे होते. तुझ्या दाजींनी चित्र बघून जोडली. चित्र उलटं धरलं होतं का सायकल उलटी धरली होती, हे आजपर्यंत ठरलं न्हाई, पण पुढचा चिमटा (ज्यात पुढचं चाक बसतं तो) त्यांनी तोंड मागं करून बसवला. चालवायला घेतली की पायाचा अंगठा चाकाला लागायचा, अन् वळणावर ती अशी मान टाकायची की बसणारा एकीकडं अन् ती दुसरीकडं. नायक भावसिंगाला बोलावलं. त्यानं तिच्याभोवती गोल फिरून बघितलं, सीटवर थाप मारली अन् निकाल दिला की जनावर बिचकून राहिलं आहे, जागा नवी आहे, नव्या बैलाला आपण जुन्याच्या जोडीला बांधतो तसं बांधा, वळणावर येईल. अन् दाजींनी खरंच बांधलं! सकाळी शेण काढायला गेले तर दावणीला दोन सायकली, हँडलाला हँडल कासऱ्यानं जखडलेलं, अन् म्हैस चारा सोडून दोघींकडं बघून राहिली. नवी काही वळणावर आली न्हाई. बापूच्या सायकलीच्या हँडलाला मात्र कासऱ्याचा वळ उठला. शेवटी मीच पाना घेऊन चिमटा फिरवला. ह्याचा दोष मी तुझ्या सायकलीला देत न्हाई, तिच्या बाजूनं एवढं लिहून ठेवते. पुढं तिला फार काही मिळणार न्हाई.

मग वजन. तू सारखा वजन वजन करतो, म्हणून दोन्ही सायकली गोरेगावला पुनमचंद आडत्याच्या काट्यावर नेल्या. हळदीचे दिवस, पोत्यांची रांग लागलेली. मी मधीच घुसले. मागचा एकजण म्हणला, बाई, सायकलीला काय भाव चालू आहे? म्हणलं, तुझ्या जिभेपेक्षा जास्त. बापूची तेवीस किलो भरली, तुझी चौदा. पुनमचंद म्हणतो, बाई, ओलाव्याचं कापू का? सगळी आडत हसली. हसू दे. नऊ किलोचा फरक आहे, मी कबूल करते, नऊ किलो म्हणजे लहान लेकरू होतं. पण मी तुझी काट्यावरून खाली उतरू दिली न्हाई. म्हणलं, आता हिला जे लागतं ते घालून तोलू. विकास, तिला स्टँड न्हाई! लांबच्या प्रवासाची सायकल अन् तिला स्वतःच्या पायावर उभं राहता येत न्हाई, जिथं जावं तिथं भिंत बघायची. वाशीमच्या पुढं रानात माझ्यासाठी भिंत कोण बांधून ठेवणार आहे? चेनकव्हर न्हाई, म्हणजे लुगडं चेनमधी अन् अब्रू रस्त्यावर. मडगार्ड बघावं तर केळीची साल. मागचं कॅरिअर एवढं नाजूक की त्याच्यावर फार तर पापड वाळत घालावेत. घंटी अशी की म्हशीच्या कानातली माशी उठायची न्हाई. तर डबल स्टँड, लोखंडी कॅरिअर, चेनकव्हर, साखळी-कुलूप, सगळं एकेक करून तिच्या अंगावर ठेवत गेले, अन् काटा एकोणीसवर जाऊन थांबला. हवेचा पंप अजून पिशवीतच होता. मग ती हलकी काहून होती? अर्धी दुकानातच राहिली होती म्हणून हलकी. उपाशी ठेवलेलं माणूसही काट्यावर हलकंच भरतं, त्याला कोणी मजबूत म्हणत न्हाई.

अन् वजन बघायची ही पद्धत तरी कोणाची? आपल्या लोकांनी बैलांच्या पाठीवर धान्य अन् मीठ वाहून मुलुख पालथा घातला. आजा सांगायचा ते तुला आठवत नसंल, तू तेव्हा रांगत होता अन् माती खात होता. बैल घेताना बैल किती भरतो हे आपल्यात कोणी विचारत न्हाई. त्याला बसवायचं, पाठीवर गोणी टाकायची, इकडं जेवढं तेवढंच तिकडं, अन् गोणीसगट उठतो का ते बघायचं. उठला तर चालवायचं, अन् गोणी ठेवली तिथं राहते का घसरते ते बघायचं. आजा म्हणायचा, उतरत्या पाठीचा बैल फुकट दिला तरी दावणीला आणू नये. आता तुझ्या सायकलीची दांडी बघ. हँडलाकडून सीटकडं उतरती, घसरगुंडीच! दुकानदारानं सांगितलं असंल की बाईमाणसाला चढा-उतरायला सोपं पडतं. पडतं, खोटं काहून बोलू. पण मला नुसतं चढून बसायचं न्हाई, मला भोगाचा गूळ, तूप, तांदूळ, पीठ, तवा, अंथरूण अन् भिकाबाईच्या गोळ्या-औषधं घेऊन जायचं आहे.

म्हणून गोणीची परीक्षा घेतली. भिकाबाईची हळद दळून आणायची होती. येताना दळलेल्या हळदीची दोन गाठोडी तुझ्या सायकलीच्या दांडीवरून दोन्हीकडं सोडली, तेवढ्याच वजनाची दोन बापूच्या दांडीवर, नवीवर भिकाबाई अन् मागून मी. ओढ्यापर्यंत बरं चाललं. ओढ्याचा चढ लागला तशी तिची गाठोडी दांडीवरून सरकत सरकत मागं आली अन् तिच्या दोन्ही गुडघ्यांच्या मधी येऊन बसली. पायडल फिरंना. ती ओरडली, वहिनी, हे मांडीवर येऊन राहिलं! मी म्हणलं, उतर. ती म्हणली, उतरू कशी, माझे पाय कुठं हायत? अन् तशीच सायकलीसगट आडवी होऊन कडंच्या नालीत गेली. गाठोडं फुटलं. कपाळापासून टाचेपर्यंत पिवळी, फक्त डोळे काळे. नेमकी त्याच वेळी सेनगावकडून जीप आली. जीपवाल्यानं ब्रेक मारला, माणसं उतरली, अन् एका म्हातारीनं हात जोडून भिकाबाईच्या हातात दहा रुपये ठेवले, तिला वाटलं देवीच आली. (भिकाबाईनं ते परत केले न्हाईत. म्हणली, देवाच्या नावानं आलेलं परत देऊ नये.) घरी गेली तर तिचा नवरा म्हणला, ह्या वयात कोणाची हळद लावून आलीस? ती म्हणली, विकासच्या सायकलीची. अन् माझी गाठोडी? सरळ दांडी, एक न्हाई दोन दांड्या, वर एक खाली एक. चहा पिऊन झाल्यावरही बसून राहिलेल्या पाहुण्यासारखी गाठोडी जागची हलली न्हाईत. तेव्हापासून भिकाबाई तुझ्या सायकलीच्या जवळून जात न्हाई. ती आता नवऱ्याची जुनीच सायकल घेऊन येणार आहे, नवरा काय म्हणतो हे तिनं अजून विचारलेलं न्हाई.

आता तू म्हणशील फ्रेम मजबूत आहे, तुटत न्हाई. न तुटणारी वस्तू फक्त दुकानात असते. बापूची एकदा सीटखाली तुटली होती, तू तुझ्या दोन दोस्तांना घेऊन तिबलसीट चालला होता तेव्हा. गोरेगावच्या वेल्डिंगवाल्यानं जोडली, तो सांधा अजून दिसतो, अन् सगळ्या सायकलीत आज तोच मजबूत आहे. म्हणून तुझी नवीही त्याला दाखवायला नेली, नुसतं विचारायला. त्यानं बोटानं टकटक केलं अन् म्हणला, हे ॲल्युमिनियम हाय, माझ्याच्यानं जुळत न्हाई, पुण्याला न्या. मंगरूळपीरच्या पुढं तुटली तर पुण्याला कशी नेऊ? डोक्यावर? हलकी असल्यामुळं डोक्यावर घेता येईल, तेवढा एक फायदा मला दिसतो. लोखंड कुठंही तुटू दे, पाच-दहा कोसात वेल्डिंगवाला सापडतोच, अन् आपल्याकडं एवढे ट्रॅक्टर तुटतात की त्याचा हात बसलेला असतो.

तू म्हणला होता, बाई, आमच्या सायकलवाल्या ग्रुपमधी एक एक ग्रॅम वाचवतात, मी दात घासायच्या ब्रशचा दांडा अर्धा कापून टाकला. तेव्हा ऐकून घेतलं, आता बोलते. मागल्या दिवाळीला तू आला तेव्हा तुझं पोट तुझ्या आधी दारातून आत आलं. मी आधी त्यालाच या बसा म्हणले. ब्रश कापतो अन् तेवढं सगळं पुढं बांधून चढ चढतो? आधी पोतं रिकामं करावं, मग सुतळी हलकी आहे का जड ते बघावं.

अन् बापूची दांडी तू विसरला, मी विसरले न्हाई. माझी शाळा चौथीला सुटली, पण शाळेचा रस्ता सुटला न्हाई, तुला पोचवायला रोज जावंच लागायचं. आधी मी दांडीखालून पाय घालून कैची शिकले. मग पाय पुरायला लागले तेव्हा दांडीला बापूच्या धोतराचा तुकडा गुंडाळून तुला वर बसवायचे, लेकराला टोचू नये म्हणून. मी घाम पुसायचे अन् तू घंटी वाजवायचा. तू सातवीत गेला तशी बापूनं सायकल तुला दिली. मला तुझे दाजी दिले. पुढं तू पुण्याला गेला अन् ती सायकल गोठ्यात पडली, तिच्यावर कोंबड्या बसायच्या. बापूच एका दिवशी ती ढकलत माझ्या अंगणात घेऊन आला अन् म्हणला, बाई, उभी राहिली तर गंजंल, तू चालती ठेव. तेव्हापासून दूध, सरकी, बियाणं, एकदा आजारी शेळी, सगळं तिच्यावर गेलं. तेव्हा तू कोणाला फोन केला न्हाई की ही माझी आहे.

बापू गेल्यावर तू मला सेनगावला नेलं, हक्कसोडीच्या कागदावर सही मागितली. सगळे म्हणले, बहिणी करतातच. मीही केली, एका शब्दानं बोलले न्हाई. जमीन तुझ्याकडं गेली, माझ्याकडं साडी आली. साडीला मी नाव ठेवलं न्हाई (पहिल्याच धुण्यात रंग सोडला, ते आज सांगते). पण विकास, त्या कागदावर गट नंबर होता, विहीर होती, बांधावरचं आंब्याचं झाड होतं. सायकल न्हवती. मी वाचला होता. चौथी शिकलेली बाई हळू वाचते, पण सगळं वाचते. जमिनीवरचा हक्क मी सोडला, सायकलीवरचा सोडत न्हाई. भंगारवाल्याला पाठव, पोलिसाला पाठव, तुझा सगळा ग्रुप चड्ड्या घालून पाठव, मी अंगणातच बसलेली आहे.

बाकी ठीक. वगारीचं नाव निताच्या लेकीनं ठेवायचं, असं तुझे दाजी म्हणून राहिले. कंबर सांभाळ.

तुझी थोरली बहीण,
जनकाबाई

ता.क. एक लिहायचं राहिलं. ओढ्याचा चढ तुझी सायकल बसल्या बसल्या चढते. भिकाबाई न्हवती तेव्हा मी एकदा बघितलं. (दुसऱ्यांदाही बघितलं.) मागच्या चाकाला ते लहान-मोठे दाते आहेत, ते काम भारी आहे, त्याला मी नाव ठेवणार न्हाई. ते काढून बापूच्या सायकलीला बसतात का, हे तुझ्या ग्रुपमधी विचार. बसत असले तर कोणाला न सांगता पाठव. सीट मी आधीच काढून बापूच्या सायकलीला लावली आहे. मऊ आहे. त्यात विचारण्यासारखं काही न्हवतं.

ता.क. दुसरं. नवी सायकल आता बिनसीटची भिंतीला टेकून उभी आहे, तिच्यावर बसायला तांड्यात कोणी तयार न्हाई. तर तूच ये अन् रामनवमीला ती तूच चालव. तुझी सायकल हलकी अन् तू जड, माझी सायकल जड अन् मी हलकी, दोन्ही जोड्या पुनमचंदच्या काट्यावर बराबर भरू. भोगाचं सामान मी घेते, तू तुझा अर्धा ब्रश घे. दमला तर लाजू नको, दांडीला फडकं गुंडाळून ठेवलं आहे. येताना तुझ्यापुरती सीट घेऊन ये.

ता.क. तिसरं, अन् हेच खरं. पत्र हरिचंदच्या हाती देऊन राहिले, तो पुण्याच्या ट्रॅव्हल्सवर ड्रायव्हर आहे, शनिवारी सकाळी इकडं परत येतो. उत्तर त्याच्याच हाती द्यायचं, कागदावर, फोनवर न्हाई. फार लिहायचं न्हाई. ‘सायकल बाईची’ एवढंच लिहायचं अन् खाली सही करायची. मी तुझ्यासाठी पानभर कागदाखाली केली होती, तुला एका ओळीखाली करायची आहे. अन् न्हाई म्हणायचं असंल तर कागद नको, हरिचंदच्याच गाडीत बस, माझ्या अंगणात ये, त्या दांडीला हात लाव अन् माझ्या तोंडावर न्हाई म्हण. काय ते शनिवारच्या आत.